पन्नाशीनंतर हायलायटर (गालाच्या हाडावर उजाळा आणणारा मेकअप) लावला तर सुरकुत्या जास्तच दिसतात का? पावडरचा घ्यावा की क्रीमचा?

तुम्ही लिहिलंय की वय ५४, त्वचा कोरडी, मुलाचं लग्न फेब्रुवारीत आणि पार्लरवालीने ‘या वयात हायलायटर नकोच’ म्हणून सांगून टाकलंय. मी ५८ची, इंदूरची, आणि मी लावते. पण माझी पहिली खरेदी बघितली असतीत तर तुम्हीही पार्लरवालीचीच बाजू घेतली असतीत.

भाचीच्या साखरपुड्यासाठी मी राजवाड्याजवळच्या एका दुकानातून पावडरचा हायलायटर आणला. दुकानातल्या दिव्याखाली हाताच्या पाठीवर फारच सुरेख दिसला. घरी दोन्ही गालांवर ब्रशने फिरवला आणि गच्चीत उन्हात आले, तर आमचे हे म्हणाले, “गेरमधून आलीस का?” (इंदूरबाहेरच्यांसाठी: रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, रंग आणि गुलाल अक्षरशः आभाळात उडतात.) साखरपुड्याला मी तोंड धुऊन गेले.

यात पावडरचा दोष निम्माच. ही चमक येते ती बहुतेक वेळा अभ्रकाच्या चुऱ्याने. कण मोठा असेल तर एकेक कण वेगळा चमचमतो; अगदी बारीक असेल तर सगळे मिळून मोत्यासारखा मंद उजाळा देतात. आता आपल्या बाजूचं बघा. पाळी गेल्यावर त्वचेतलं तेल आणि कोलॅजन, दोन्ही भराभर कमी होतात. अशा कोरड्या कातडीवर पावडर बारीक रेघांत जाऊन बसते आणि रेघ न् रेघ मोजून दाखवते. भिंतीचं उदाहरण घ्या ना. ओबडधोबड प्लास्टर चुन्याखाली खपून जातं, पण त्यावर चकचकीत ऑइल पेंट मारला की प्रत्येक उंचवटा दिसतो.

क्रीममध्ये हेच कण तेलामेणात भिजलेले असतात, म्हणून ते त्वचेला धरून राहतात, रेघांत कोरडे साचत नाहीत. पण क्रीम आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. ठळक चमकीवालं क्रीमही मिळतं आणि तेही तितकंच वाईट दिसतं. मी आता दुकानात हाताच्या पाठीवर बोटाने पातळसा थर लावते आणि दाराबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघते. कण वेगवेगळे मोजता आले तर परत ठेवते. (दुकानातलं उघडं सॅम्पल डोळ्याला किंवा ओठाला मात्र लावायचं नाही.) आपल्या गव्हाळ रंगाला शॅम्पेन (फिकट सोनेरी) किंवा पीच शेड बरी, चांदीसारखी पांढरी घेतली तर गाल राखाडी दिसतात.

लावायची जागा आणि माप, सगळी गंमत इथेच आहे. दोन्ही गालांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. ते आधी हाताच्या पाठीवर घ्यायचं, बोटाच्या उबेने जरा मऊ होऊ द्यायचं आणि अनामिकेने हलकेच थापायचं. चोळलं की खालचं फाउंडेशन निघतं. जागा शोधायला आरशासमोर मनापासून हसा. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेघा कुठवर येतात ते बघा आणि त्यांच्या खाली, गालाच्या हाडावर बाहेरच्या बाजूला लावा. नाकावर मी लावत नाही, तिथली छिद्रं मोठी आहेत. व्हिडिओंत दाखवतात तसं मॉइश्चरायझरमध्ये मिसळून सगळ्या चेहऱ्याला लावूनही पाहिलं. पोळ्या लाटून नुकतीच बाहेर आल्यासारखा चेहरा झाला. तो नाद सोडा.

आधी मॉइश्चरायझर, ते मुरायला पाच-दहा मिनिटं, मग सनस्क्रीन, फाउंडेशन आणि त्यावर हे क्रीम. पावडर लावायचीच तर त्यानंतर, आणि तीही फक्त कपाळ-नाकाला. पावडरवर क्रीम लावलंत तर पोपडे धरतात. फेब्रुवारीत आमच्याकडे माळव्यात हवा कोरडीच असते, तुमच्याकडेही तशीच असेल तर मॉइश्चरायझरला कंजुषी नको.

मी पहिली खरी चाचणी सानंदच्या (आमच्या इंदुरात मराठी नाटकं आणणारी संस्था) एका नाटकाला जाताना घेतली. मध्यंतरात ओळखीच्या एक वहिनी म्हणाल्या, “काय गं, आज झोप नीट झालेली दिसतेय!” हायलायटर कुणाच्याच लक्षात आला नाही. मला एवढंच हवं होतं.

तुम्हीही लग्नाआधी एक दिवस सकाळी लावून संध्याकाळपर्यंत ठेवून बघा, आणि मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. आरशात न दिसणारी चमक फ्लॅशमध्ये दिसते. त्याच्याही आदल्या दिवशी कानामागे थोडं लावून खाज किंवा लाली येते का ते पाहून घ्या. डबीवर बॅच नंबर आणि वापरायची शेवटची तारीख नसेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आणि पार्लरवालीशी वाद घालू नका. लग्नाच्या दिवशी फाउंडेशन झालं की तिला एवढंच म्हणा, “पावडर लावायच्या आधी मला दोन मिनिटं दे,” आणि पर्समधली डबी काढून स्वतःच्या बोटाने लावा.