पोरगी म्हणते, व्हिएतनामले शिकवाले जातो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशन करते. बी.ए., बी.एड. होऊन खासगी शाळांत इंग्रजी शिकवणारी मुलंमुली आजकाल एकच प्रश्न घेऊन येतात. इथेच राहून पक्क्या नोकरीची वाट पाहायची, की परदेशात जाऊन तासावर इंग्रजी शिकवायचं? त्यांच्यासोबत आलेले आईवडील बहुतेक वेळा रागात असतात, किंवा घाबरलेले. त्यातलं एक प्रकरण इथे संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला मृणाल म्हणू.

मृणाल सव्वीस वर्षांची. शिक्षण गावच्या जिल्हा परिषद शाळेत, मग तालुक्याच्या कॉलेजात. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नऊ हजारांवर शिकवत होती, मे-जूनचा पगार नाही. कॉलेजातली एक मैत्रीण व्हिएतनामला गेलेली, ती तिथे संध्याकाळी भाषा केंद्रात आणि घरोघरी जाऊन शिकवायची, तासाचे पैसे घ्यायची. मृणालच्या मनाने तेच घेतलं होतं. बाबांचं म्हणणं, शिक्षक भरतीचा अभ्यास कर.

बाबा बोलायला लागले ते माझ्याकडे पाहूनच. "मॅडम, आमी कास्तकार मानसं. पानी आला त पीक, नाही त काहीच नाही. घरात कोनाले तरी एका तारखेले पैसा यावा, एवढंच मागनं हाये. आन् हे म्हनते का तिकडे जाऊन तासावरच पैसे घेतो. मंग आमच्यात अन् हिच्यात फरक काय राह्यला?"

मृणाल म्हणाली, "बाबा, मले आत्ता तरी कुठं एका तारखेले भेटते?"

मला दोघांचंही पटलं, आणि ते मी दोघांसमोर बोलून दाखवलं. मुलगी दूर जाते याची काळजी बाबांना होतीच, पण त्यांची खरी धास्ती बेभरवशाच्या कमाईची होती. ती त्यांनी आयुष्यभर अंगावर काढली आहे. अशा माणसाला 'जुन्या विचारांचा' म्हणून बाजूला सारणं मला फार अन्यायाचं वाटतं. आमच्याकडे येणारी शिकलेली पोरं हे सर्रास करतात.

बाबांच्या मनातली पक्की नोकरी तरी किती जवळ होती, हे आधी पाहणं भाग होतं. शिक्षक भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, 2017 च्या डिसेंबरात झाली, त्यानंतरची थेट 2023 च्या सुरुवातीला आणि पुढची 2025 मध्ये. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. ते मानधन 2023 मध्ये वाढून प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये झालं. परीक्षा जरूर द्यावी. पण ती देऊन नुसतं बसून राहणं याला स्थिर नोकरी म्हणता येत नाही. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

मग मृणालची बाजू. कुणाच्या नोकरीत न राहता तासावर शिकवायचं, ज्याला ती 'फ्रीलान्स' म्हणत होती, ते तिच्या डोळ्यांसमोरच्या बहुतेक देशांत परक्या नागरिकाला कायद्याने करताच येत नाही. व्हिएतनाममध्ये कामाचा परवाना लागतो, आणि तो एखाद्या शाळेच्या किंवा केंद्राच्या नावाने निघतो, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. त्यासाठी पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, आणि हे कागद रीतसर प्रमाणित केलेले हवेत. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटनसारख्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यात भारत नाही. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकलेलं असावं लागतं. जिल्हा परिषदेची मराठी शाळा तिथे आडवी येते. जर्मनीत तासावर शिकवणाऱ्यांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून राहता येतं, पण आरोग्य विमा आपला आपण काढायचा आणि निवृत्तीवेतनाचा संपूर्ण हप्ताही स्वतःच्याच खिशातून भरायचा. शिवाय भारतीय शिक्षकाला अनेक केंद्रं गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी दर देतात. तिची इंग्रजी चांगली आहे म्हणून हे टळत नाही. हे सांगताना मलाच वाईट वाटत होतं, पण तिला ते तिथे जाऊन कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

घरबसल्या ऑनलाइन शिकवू का, असंही तिने विचारलं. जरूर, पण त्यावर घर उभं करायचं नाही. 2021 मध्ये चीन सरकारने परदेशात बसून चिनी मुलांना शिकवण्यावर बंदी आणली आणि जगभरातल्या कितीतरी शिक्षकांचं काम पाहता पाहता गेलं. त्यांनी शिकवण्यात काही कसूर केली नव्हती.

त्यानंतर आम्ही एक कागद घेतला आणि त्यावर बारा महिने लिहिले. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. घरात पैसा कधी येतो? बाबांनी सांगितलं: सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा त्यानंतर वेचा होईल तसा, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. जातो कधी? जून. बियाणं, खत, मजुरी, सगळं एकदम. मग शेजारी मृणालचे महिने मांडले. व्हिएतनाममधलं शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन मेअखेर संपतं, आणि शाळांचे बरेच करार तेवढ्याच काळाचे असतात. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष येतं, तेव्हा वर्ग बंद. तासावर शिकवणाऱ्याला त्या दिवसांचा पैसा नाही. म्हणजे बाबांना जूनमध्ये पेरणीसाठी हात मोकळा लागतो, आणि शाळा बंद म्हणून नेमका तेव्हाच तिचा हात आखडणार.

मृणाल त्या जूनच्या रकान्याकडे पाहत राहिली. तिने मनात धरलं होतं की महिन्याला अमुक इतके पाठवीन. आता तिने स्वतःहून लिहिलं की नोव्हेंबर ते एप्रिल वाचवायचं, आणि पेरणीचे पैसे त्या वाचवलेल्यातून मे महिन्याच्या आत बाबांच्या खात्यात टाकायचे. पहिल्या वर्षी तर काहीच पाठवायचं नाही, असं मी सुचवलं. बाबा लगेच म्हणाले, "पहिल्या वर्षी आमाले नकोच जी. तिनं तिचं पाहावं."

प्रश्न तासाचा की पगाराचा एवढाच धरला तर घरात भांडण होतं. मी विचारते, रिकामा महिना आला तर तो कोण सोसणार, आणि तेवढं बळ त्याच्याकडे आहे का? इथल्या शाळेत मे-जून मृणाल सोसत होती, शेतात बाबा सोसत होते. तिकडचा रिकामा महिना दोघांच्याही अंगावर येऊ नये एवढी शिल्लक असल्याशिवाय निघायचं नाही, हे तिघांनी मिळून ठरवलं. त्या शिल्लकेत परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे, त्याला कोणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या भेटीत एजंटाची गोष्ट निघाली. एकाने तिला पावणेदोन लाख मागितले होते. म्हणे टुरिस्ट व्हिसावर जा, परवाना तिकडे करून देऊ. बाबा त्यासाठी वावर गहाण ठेवायला तयार झाले होते, तिच्यावर रागावलेले असूनही. इथे मात्र मी सल्ला देत बसले नाही, सरळ नाही म्हटलं. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याला सेवाशुल्क घेता येतं ते 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच. टुरिस्ट व्हिसावर शिकवताना सापडलं तर दंड होतो, हाकलून देतात. त्याहून वाईटही होतं. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली पोरांना म्यानमारच्या सीमेवर नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. 2025 च्या मार्चमध्ये अशा 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांना नेणाऱ्यांचंही बोलणं असंच गोड होतं.

मृणालने एजंट सोडला. ती शाळेत शिकवते आहेच, संध्याकाळी गावातल्या मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते, पासपोर्ट काढला आहे. 120 तासांचा इंग्रजी अध्यापनाचा कोर्स चालू आहे. त्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवणं असलेला कोर्स निवड, असा माझा आग्रह होता. भरतीची परीक्षाही ती देणार आहे. परदेशी जायचं ते पहिलं वर्ष एका शाळेच्या लेखी करारावर, ज्यात कामाचा परवाना शाळा काढून देईल असं लिहिलेलं असेल. तासावरच्या कामाचा विचार त्यानंतर, तिथला कायदा परवानगी देईल तेवढाच.

एका शाळेकडून कराराचा मसुदा आला तेव्हा बाबाच तो घेऊन माझ्याकडे आले. आठवड्याचे तास किती, सुट्टीत पगार आहे का, आणि पोरगी आजारी पडली तर दवाखाना कोण पाहील, हे तीन प्रश्न त्यांनी मराठीत एका कागदावर लिहून आणले होते. पहिल्याचं उत्तर मसुद्यात होतं, बाकी दोन मृणालने त्या शाळेला लिहून विचारले आहेत.