परराज्यातून आलेल्या आजीच्या आठवणी लिहायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुमची आजी ९१ वर्षांची, लग्न होऊन तेलंगणातून सोलापुरात आलेली. तिच्या आठवणी लिहून ठेवायच्यात, पण साल विचारलं की ती "काय की बाई" म्हणून गप्प बसते, असं तुम्ही लिहिलंय. मग साल विचारूच नका ना. वस्तू हातात द्या.

माझ्या अव्वाला, म्हणजे आजीला, जन्मतारीख कुणी विचारली की ती आधार कार्ड पुढे करायची. त्यावर १ जानेवारी, म्हणजे ज्यानं फॉर्म भरला त्याच्या मनाला आलं ते. पण पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या तेव्हा, माझी मोठी आत्या अंगावर पीत होती हे तिला पक्कं ठाऊक. पुढच्या उन्हाळ्यात ती आणि तात, म्हणजे आजोबा, करीमनगरकडून निघाली, वाडीला गाडी बदलली आणि सोलापुरात उतरली. एवढंच आम्हाला वर्षानुवर्षं माहीत होतं. बाकीचं कळलं ते २०१६ च्या नोव्हेंबरात. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, घरात सगळे डोक्याला हात लावून बसलेले, आणि ही हसायला लागली. म्हणाली, "माझं हे दुसऱ्यांदा."

पत्र्याच्या डबीतून तिनं एक नाणं काढलं. निजामाचा रुपया, त्यावर चारमिनार. हाली सिक्का म्हणायचे त्याला. सोलापुरात उतरल्यावर लेकराला दूध घ्यायला तिनं पदराची गाठ सोडून तो पुढे केला, तर दुकानदार म्हणाला, "हे इथं चालत नाही, कलदार काढ." कलदार म्हणजे निजामाच्या राज्याबाहेर चालणारा सरकारी रुपया, हेही तिला माहीत नव्हतं. मराठी तर एक शब्द येत नव्हता. त्या दुकानदाराला तिनं जवळपास सत्तर वर्षं शिव्या घातल्या, त्याही तेलुगूत. मी तेव्हा तिशीत होते आणि ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होते.

आता खरं सांगते, मी हे का लिहितेय. अव्वा गेली तेव्हा श्रद्धांजलीच्या फलकावर आमच्या काकांनी छापलं, "धार्मिक वृत्तीच्या, प्रेमळ गृहिणी." गृहिणी! सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या विणकरांच्या वस्तीत, राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. तात यंत्रमागावर चादरी विणायचे, आणि माग बंद असला की घर अव्वाच्या विड्यांवर चालायचं. काका शिकले तेही त्याच पैशावर.

विडीची तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पहाटे उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसायची. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांत वळायची, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड मोडायचं. पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. बोलताना, भांडताना, बातम्या ऐकतानाही हात थांबायचे नाहीत. मोजताना मी तिला कधी पाहिलं नाही, मूठ भरली की पंचविसच असायच्या. तोंडं मोडायला शाळेच्या आधी आम्ही पोरी बसायचो. मग टोपली घेऊन कारखान्यात. तिथला तपासणारा मूठ उचलून बघायचा आणि छाट, म्हणजे नापसंत विड्या, बाजूला काढायचा. छाटलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि त्या परतही मिळायच्या नाहीत. त्या दिवशी घरी आली की ती आधी आम्हालाच विचारायची, "तिन्नारा?" जेवलात का? स्वतः मात्र जेवायची नाही.

हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "विडीचं काय लिहायचं, पाहुणे पुण्याहून येणारेत." म्हणून माझा सल्ला एवढाच, की तुमच्या आजीनं आयुष्यभर हातानं काय केलं ते आधी लिहा. सण, देवधर्म, स्वभाव सगळं नंतर. प्रत्येकाची आजी प्रेमळच असते हो, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?

आणि लिहिण्याआधी रेकॉर्ड करा, तिच्याच भाषेत. मी शहाणपणा करून तिचं बोलणं मराठीत उतरवून घेतलं. आता बतुकम्माच्या, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाच्या वेळी तरवडाची पिवळी फुलं रचताना ती जे म्हणायची, त्याचा फक्त अर्थ वहीत आहे, शब्द गेले. रेकॉर्ड करताना मागाचा खडखडाट आला तर येऊ द्या. विडी कामगारांची कुंभारीची १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये झाली, तिथं आत्याला घर मिळालं. अव्वा दोन रात्री राहून परत आली. मागाच्या आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणाली.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई विडीचं कौतुक करतेय. नाही. तंबाखूच्या धुळीनं शेवटची दहा वर्षं ती रात्रभर खोकायची, आणि आमच्या घरातली एकही पोरगी आता विड्या वळत नाही, हे बरंच झालं. आणि तुमच्या आजीनं कदाचित विड्या वळल्याही नसतील, हे मी धरूनच चालले. तर काय केलं ते विचारा.

ती डबी माझ्याकडे आहे. आत तो रुपया आणि तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र, फोटोत कपाळावर रुपयाएवढं कुंकू. काकांच्या नातवाला शाळेत वंशावळीचा प्रकल्प आलाय, म्हणून काका परवापासून त्या ओळखपत्राचा फोटो मागताहेत. अजून पाठवलेला नाही.