डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) या सॉल्व्हंटने घशाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात असं वाचलं. मग त्याचं औषध का होत नाही?

प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मेल्या असतील, पण तेवढ्याने औषध होत नाही. आधी डोसचा हिशेब करा. समजा बशीत 0.5 टक्के डायमिथाइल फॉर्मामाइड होतं, म्हणजे दर मिलिलिटरमागे साधारण 4.7 मिलिग्रॅम. 70 किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे 42 लिटर पाणी असतं. त्यात तेवढंच प्रमाण आणायचं तर जवळपास 200 ग्रॅम द्यावं लागेल, किलोमागे 2.8 ग्रॅम. प्रयोगशाळेतल्या उंदरांना तोंडावाटे दिल्यावर त्यातले निम्मे मारणारा डोसही जवळपास एवढाच आहे.

दुसरं, 'मेल्या' हे कशावरून ठरवलं? बहुतेक वेळा एमटीटी चाचणी केलेली असते. 96 खड्ड्यांच्या प्लेटमध्ये एमटीटी नावाचं रंगद्रव्य घालून तीन-चार तासांनी बनलेला जांभळा रंग 570 नॅनोमीटरला मोजतात. पण ही चाचणी पेशींची चयापचय क्रिया मोजते. पेशी मेल्या तरी रंग कमी भरतो, नुसती वाढ मंदावली तरी कमीच भरतो. डीएमएफने ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) एचएल-60 पेशी न मरता प्रौढ होतात आणि त्यांचं विभाजन थांबतं, म्हणून इथे ही शंका घ्यायलाच हवी. मृत्यू दाखवायचा तर अ‍ॅनेक्सिन-व्ही किंवा ट्रिपॅन ब्लू या मेलेल्या-मरणाऱ्या पेशी ओळखणाऱ्या चाचण्यांची जोड हवी, आणि शेजारी घशाच्या निरोगी पेशीही तपासलेल्या हव्यात. त्याही तेवढ्याच मरत असतील तर ते नुसतं विष झालं.

पेशी कुठल्या होत्या तेही बघा. एचईपी-2 ही लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) 1950च्या दशकात स्वरयंत्राच्या कॅन्सरची म्हणून तयार झाली, पण ती प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींनी दूषित आहे. तरीही 'घशाच्या पेशी' म्हणून ती अजून वापरली जाते, हे खटकतं. एफएडीयू मात्र खरोखर घशाच्या खालच्या भागातली आहे. एसटीआर प्रोफाइल (पेशी कुणाच्या हे डीएनएवरून पटवणारी तपासणी) दिलेलं नसेल तर निष्कर्षावर भिस्त ठेवू नका.

औषध म्हणून हा मार्ग चाचपूनही झाला आहे. डीएमएफचाच जवळचा नातेवाईक असलेलं एन-मिथाइल फॉर्मामाइड 1980च्या दशकात कॅन्सर रुग्णांना देऊन पाहिलं. यकृताला इजा होऊ लागल्याने डोस वाढवता येईना, आणि त्याचं औषध झालं नाही.

डीएमएफ कातडीतूनही आत जातं. कृत्रिम चामड्याच्या कारखान्यात ते हाताळणाऱ्यांनी नेहमीच्या पातळ नायट्राइल हातमोज्यांवर विसंबू नये, ब्युटाइल रबरचे वापरावेत. घरी थेंबभरही घेऊन बघू नका.