पुन्हा साथ आली तर घरात काय भरून ठेवावं, आणि सासूबाईंना गावी पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत दोन खोल्यांचं घर आहे, सासूबाईंना मधुमेह आहे, मुलगी शाळेत आहे आणि नवऱ्याला कामावर जाण्यावाचून पर्याय नाही. कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर किती दिवसांचं सामान भरावं आणि सासूबाईंना आधीच गावी हलवावं का, हा तुमचा प्रश्न. मी कोपरखैरण्यात राहते. आमचे हे तुर्भ्याला बाजार समितीच्या दाणा मार्केटात माथाडी आहेत. त्यामुळे २०२० सालची टंचाई मी गोदामाकडूनही पाहिली आणि स्वयंपाकघरातूनही.

धान्याची भीती बाळगू नका. त्या वर्षी २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या इथे किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. पण हे रात्री घरी येऊन सांगायचे की गाळ्यांत पोत्यांच्या थप्प्या तशाच आहेत, उचलायला माणूस नाही. लोकल बंद, टेम्पोचे ड्रायव्हर गावी गेलेले, आणि माथाडींतले कितीतरी जण पाटण-जावळीकडे निघून गेलेले. माल होता, तो दुकानापर्यंत येत नव्हता. मे महिन्यात बाजारातच साथ पसरली म्हणून ११ ते १७ मे पाचही मार्केटं बंद ठेवली. त्या आठवड्यात भाजीचे हाल झाले, पण आमच्या दुकानदाराकडे तांदूळ आणि तूरडाळ मिळत राहिली. म्हणून माझं मत असं की महिनाभराचं धान्य पुरे. त्याहून जास्त भरलंत तर आपल्या दमट हवेत पावसाळ्यात पोरकिडे होतात आणि पैसे वाया जातात.

मात्र काय भरायचं ते विचार करून ठरवा. आमच्याकडे गहू होते, पण गिरणीवाला गावी गेला. डब्यात गहू आणि पोळीला पीठ नाही, अशी वेळ आली. तेव्हापासून मी तांदूळ जास्त ठेवते, गहू बेताचे. सोबत कुळथाचं पीठ, बेसन, रवा, पोहे, आणि मटकी, मूग, चवळी, वाल ही कडधान्यं. भाजी नसेल तेव्हा मोड आलेल्या मटकीची उसळ आणि पिठलं-भात यांवर घर चालतं. मुलं कुरकुरतात, पण उपाशी राहत नाहीत. भाजी मिळेल त्या दिवशी पालेभाजी आधी संपवायची, मग वांगी-भेंडी, आणि कोबी, दुधी, लाल भोपळा शेवटी. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. गॅसचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये दोन बुकिंगांमध्ये १५ दिवसांचं अंतर सक्तीचं केलं होतं. एकच सिलिंडर असेल तर दुसऱ्यासाठी आत्ताच अर्ज करा. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का आणि आधार जोडलेलं आहे का, हेही तपासा. त्या वर्षी मे-जूनमध्ये केशरी कार्डावरसुद्धा ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ मिळाला. ज्यांची नावं नीट चढलेली नव्हती, त्यांना दुकानात हात हलवत परत जाताना मी पाहिलंय.

खरी घालमेल औषधांची असते. माझे सासरे इन्सुलिनवर आहेत. नेहमीच्या केमिस्टकडे त्यांची बाटली संपली तेव्हा जो धसका बसला, तसा तांदळाच्या रांगेत कधी बसला नव्हता. शेवटी सेक्टरमधल्याच एका मुलाने वाशीतून आणून दिली. तुमच्या सासूबाई गोळ्यांवर असतील तर दोन महिन्यांच्या गोळ्या घरात असू द्या, आणि जुन्या आधी वापरा. इन्सुलिनवर असतील तर न उघडलेल्या बाटल्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नकोत. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. अशा वेळी फ्रीजचं दार उघडू नका, आतला थंडावा काही तास टिकतो. सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि साखर एकदम उतरली तर द्यायला ग्लुकोज, हेही त्याच यादीत लिहा. औषधाच्या पाकिटावरचं मूळ नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा कागद यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असावेत. २५ मार्च २०२० ला केंद्राने फोनवरून तपासणीचे नियम जाहीर केले आणि आमचे डॉक्टर व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवू लागले. त्या चिठ्ठीवर औषध मिळालं.

आता नवऱ्याची काळजी. हे रोज मार्केटात जायचे आणि मी दाराकडे कान लावून बसायचे. आमचं घर तुमच्यासारखंच, वेगळी खोली कुठून आणणार? मग चपला बाहेर, कपडे दाराशीच साबणाच्या बादलीत, अंघोळ झाल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही, आणि झोपायला यांची जागा खिडकीपाशी. सासऱ्यांना आतली खोली दिली. त्यांना ते वेगळं टाकल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांचं जेवण मी त्यांच्या दाराशी बसून, बोलत बोलत वाढायचे. हे फार महत्त्वाचं आहे. म्हातारी माणसं आजारापेक्षा एकटेपणाने खंगतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मुलाची दहावी होती. त्याचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. मधले आठवडे पोरगं तेच पुस्तक घेऊन बसायचं. आम्ही घरात बातम्या फक्त संध्याकाळी एकदा लावायच्या असं ठरवलं, तेव्हा त्याचं चित्त थोडं थाऱ्यावर आलं. तुमच्या मुलीसमोर आकडे दिवसभर चालू ठेवू नका. तिला घरातलं एखादं खरं काम द्या, आजीची साखर वहीत लिहायचं काम तिला सहज जमेल.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा यांना लागण झालीच. बेड मिळवणं अवघड होतं, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरसाठी लोक वणवण फिरत होते. आमच्या चाळीत एक ऑक्सिमीटर होता, तो सॅनिटायझरने पुसून घरोघर फिरायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं, आधी आणि नंतर आकडा पाहायचा, ९४ च्या खाली गेला तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. मेंदी किंवा नेलपॉलिश असलेल्या बोटावर आकडा चुकतो, तेवढं लक्षात ठेवा. यांचा आकडा टिकला. शेजारच्या काकू रोज दाराबाहेर डबा ठेवायच्या, वरच्या मजल्यावरचा मुलगा औषधं आणायचा. म्हणून सामानाच्या यादीआधी तुमच्या मजल्यावरच्या माणसांची यादी करा. कुणाकडे दुचाकी आहे, कोण केमिस्टकडे कामाला आहे, कोणाच्या घरी एकटी म्हातारी माणसं आहेत, हे आज माहीत करून घ्या. ऑक्सिमीटर, थर्मामीटर, बीपीचं यंत्र वर्गणी काढून एकच घेतलं तरी चालतं.

राहिला गावाचा प्रश्न. माझी आई पाटणजवळ गावी एकटी होती. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा, तो नियम २ सप्टेंबर २०२० ला उठला, तोवर मला जाता आलं नाही. रोज रात्री जेवणं झाली की फोन, कधी चुकवला नाही, आणि पहिला प्रश्न कायम एकच, जेवलीस का? गावात हवा मोकळी, गर्दी कमी, हे खरंच. पण मोठा दवाखाना म्हणजे कराड, आणि रात्री गाडी कुणाची? सासूबाईंना पाठवायचं ठरवलंत तर साथीची बातमी नुकती येत असताना पाठवा, गाड्या बंद व्हायची वाट पाहू नका. सोबत तीन महिन्यांची औषधं आणि सगळे कागद द्या. आणि त्याआधी गावात फोन करून विचारा की मध्यरात्री त्यांना दवाखान्यात कोण नेईल. एखादं नाव लगेच पुढे आलं तर खुशाल पाठवा. नुसतं ‘बघू, होईल काहीतरी’ असं उत्तर आलं, तर त्यांना घणसोलीतच, तुमच्या नजरेसमोर ठेवा.