आजी पुरी लिही

लेकरा, सलाम.

तुझा निरोप व्हॉट्सॲपवर आला, पण उत्तर कागदावरच देतोय. काचेवर बोट घासत मला असलं काही सांगता येत नाही.

पहिल्या स्मृतिदिनाला पाळकसाहेबांनी तुला आजीवर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय, चार पानांची स्मरणिका काढायचीय, आणि तू नावापाशीच अडलीस. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. मोठे चुलते म्हणतात, छापील कागदावर मंडळीतलं नाव नको, ख्रिस्ती हा शब्दच नको, धाकट्याच्या जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी अडकलीय. आत्या म्हणते, आपण सगळी प्रभूची लेकरं, मांग-बिंग कशाला उकरायचं. आणि शेवटी तू लिहितेस, 'काका, मग जेवढं चालेल तेवढंच लिहिते.'

ही ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. चुलत्यांनी एक अर्धी कापली, आत्यानं दुसरी. उरलं काय? 'प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू.' ही कुणाचीही आजी झाली. जालन्यापासून उदगीरपर्यंत कोणत्याही स्मरणिकेचं पहिलं पान काढ, हीच बाई भेटेल. तुझी आजी त्यात नाही. आजी पुरी लिही.

तुला एक जुनी गोष्ट सांगतो. नारायण शेषाद्री हे नाव तू बेथेलच्या संदर्भात ऐकलं असशील. ब्राह्मण घरातला माणूस, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे निजामाच्या राज्यात आला, जालन्याजवळ सरकारकडून जमीन मिळवली आणि बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्याच्यामागून आलेले बहुतेक मांग होते, तुझे-माझे लोक. याच शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत, तोही मिशनऱ्यांकडे राहून आलेला. त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत केवढं रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. एका ब्राह्मण पोराच्या येण्याजाण्यावर एवढी शाई सांडली. आपल्या पणज्या आल्या तेव्हा अहवालात आकडा वाढला, बस. अमुक बायका, अमुक मुलं. नाव नाही, बोलणं नाही, का आल्या ते नाही. परक्यांनी आकडा केला ते मी समजू शकतो. आपणच आपल्या म्हातारीची तीन विशेषणं करायची, हे मला सोसत नाही.

तुझ्या आजीला मी चाळीस वर्षं बघितलं. शेवटपर्यंत तिला दोर वळता यायचा. अंबाडी भिजवून, मांडीवर पीळ देत असा वळायची की नवा कासरा घ्यायला वरच्या गल्लीतले लोक बाजार सोडून तिच्याकडे यायचे. घेताना पैसे ओट्यावर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. तीच बाई रविवारी देवळात पहिल्या रांगेत बसून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग म्हणायची, आणि पेटीवाला संथ झाला की टाळ्यांनीच त्याला पुढे ढकलायची. नाताळात हलगी वाजलीच पाहिजे यावरून ती एका पाळकाशी भांडली होती. त्याचं म्हणणं, हलगी मरीआईपुढे वाजते, देवळात कशी चालेल? ही म्हणाली, "साहेब, कातड्याला काय ठाऊक कोणापुढं वाजतंय?" त्या वर्षी हलगी वाजली. आता सांग, मांग हा शब्द वगळून हे कसं लिहिशील? आणि देऊळ वगळून कसं लिहिशील?

72 च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मिलो ज्वारीची लाल भाकरी कुणाला गिळवत नसे. वाटपाची सुकडी ती पदरात बांधून पोरांसाठी आणायची, हे तुझ्या बापानेच मला सांगितलंय. वाचायला शिकली ती त्यानंतर, चाळिशीला आल्यावर, घरोघर बायबल शिकवणाऱ्या बायबलबाईकडून. स्तोत्र 23 वाचलं तेव्हा रात्रभर झोपली नाही म्हणे. (हे तिनेच सांगितलं, आणि ती थोडं वाढवून सांगायची. तेही लिही.)

आता माझं ऐक, म्हणजे मी एवढा का चिडतो ते कळेल.

माझ्या नोकरीच्या वेळी कागदावर आम्ही हिंदू मांग होतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती झालेल्या मांगाला आजही नाही. पाणवठ्यावर मात्र कुणी आमच्या घरातलं बायबल बघून आम्हाला जवळ केलं नव्हतं. तर घरी चौकशीला माणूस येणार असा निरोप आला. मी काही बोलायच्या आतच माझी आजी उठली. भिंतीवरचं वचनाचं कॅलेंडर काढलं. केडगावच्या मुक्तिमिशनात बायकांनी खिळे जुळवून छापलेलं पंडिता रमाबाईंचं बायबल तिच्याकडे होतं, ते फडक्यात बांधून कणगीत ज्वारीखाली घातलं. मग शेजारणीकडे गेली आणि कपाळाला कुंकू लावून आली. जन्मात न लावलेलं. आजोबा अंगणात बसून होते, त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. माणूस आला, चहा प्याला, गेला. तिने पदराने कपाळ पुसलं आणि भाकरी टाकायला बसली. त्या रात्री घरात प्रार्थना झाली नाही.

ती गेल्यावर माझ्याकडेही स्मरणिकेचं काम आलं. मी मराठीचा मास्तर, मीच लिहिणार! लिहिलं: 'प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू.' कुंकू नाही, कणगी नाही. पगार चालू होता ना.

तू म्हणशील, काका, तुम्ही तरी कुठे लिहिलं? नाही लिहिलं. मागे चार भावंडं होती, बापाला दमा होता, माझ्या पगारावर दोन बहिणी नर्सिंगला गेल्या. परत ती वेळ आली तर मी दाखला परत करीन असं मी म्हणणार नाही. ज्यांना बारा महिने पाणी आहे त्यांनी आम्हाला पोहण्याचे नियम सांगू नयेत. पण घरातल्या वहीत तरी लिहायला काय धाड भरली होती? तिथे तर चौकशीला कुणी येणार नव्हतं. तीस वर्षं मी पोरांना निबंध शिकवले आणि त्या एका दुपारची चार वाक्यं लिहिली नाहीत. बायबलाच्या पुठ्ठ्याच्या आत तिने घरातले सगळे जन्म-मृत्यू टिपले होते. नवीन बायबल घेतलं तेव्हा जुनं वाळवी लागलेलं म्हणून कुणाला तरी देऊन टाकलं. कुणाला, तेही आठवत नाही.

तेव्हा तू अर्धं-अर्धं करत बसू नकोस. चुलत्यांची भीती खोटी नाही, धाकट्याचं नुकसान तू तुझ्या लेखणीने करू नकोस. स्मरणिकेत फक्त फोटो, स्तोत्राचा क्रमांक आणि 'आजी' एवढंच छाप. विशेषणं छापू नकोस. पण दोनशे पानी वही आण आणि त्यात सगळं घाल: दोन्ही नावं, दोर, ओट्यावर ठेवलेले पैसे, हलगी, तिने आत्याच्या लग्नात घातलेला घोळ, धाकट्या सुनेशी पाच वर्षं धरलेला अबोला. हो, तोही. आईला वाईट वाटेल म्हणून गाळशील, माहीत आहे मला. गाळू नकोस. दहा मिनिटांत काय बोलायचं ते वही भरल्यावर आपोआप कळेल, त्यासाठी मला परत विचारू नकोस.

तू आता उपासनेला जात नाहीस, मग तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क आहे का, असंही विचारलंस. हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. तिने तुला भरवलं तेव्हा हजेरी घेतली होती का?

एक काम मात्र लगेच कर. अंबडला तिची खडीवरची सोबतीण अजून आहे. नव्वदीला टेकलीय, उजव्या कानाने काही ऐकू येत नाही, डावीकडे बस. रविवारी दुपारी जा, सोबत मऊ केळी ने. कामावर ती तुझ्या आजीला तिसऱ्याच नावाने हाक मारायची, हजेरीपटावरही नसलेल्या. मी ते ऐकलं होतं आणि विसरलो. विचारून घे, आणि कळलं की मला फोन कर.

तुझा,
काका