ड्रायव्हर का वाजतो? घरच्या दिव्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

दिव्यांच्या आवाजाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. बहुतेकांनी आवाज किती मोठा आहे ते लिहिलंय. मला त्यापेक्षा तो एकसारखा आहे की तुटक, हे जास्त उपयोगी पडतं. पुढच्या वेळी तेवढं आवर्जून कळवा.

हॉलच्या पीओपी छतात एलईडी पट्टी बसवली. रात्री बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. मुलीला तो सहन होत नाही आणि मला तर ऐकूच येत नाही. तिला भास होतोय का? (एक वाचक, टिळकवाडी)

भास नाही. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे या बाबतीत मुलीच्या कानावर विश्वास ठेवा.

छतात लपवलेला ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारी डबी, 230 व्होल्टचा एसी आधी डीसी करतो. मग तो डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 12 किंवा 24 व्होल्टवर आणतो. तोडण्याचा हा वेग साधारणपणे 20 हजारांच्या वर असतो, म्हणजे माणसाच्या कानापलीकडचा. पण ड्रायव्हरवर भार फारच कमी असला की आतली आयसी, म्हणजे ताबा ठेवणारी चिप, वीज वाचवण्यासाठी मध्ये मध्ये थांबते. थोडं काम, थोडी विश्रांती, पुन्हा थोडं काम. ही थांबण्या-चालण्याची लय मात्र ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरते आणि ट्रान्सफॉर्मरची तार नि गाभा तिच्यावर थरथरतात.

तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हर 100 वॅटचा आहे आणि पट्टी जेमतेम दोन मीटर. दुखणं बहुधा तिथेच आहे. एवढ्या पट्टीला 40 वॅटचा ड्रायव्हर भरपूर झाला. दुकानदार ‘मोठा घ्या, टिकेल’ म्हणतो. टिकेलही, पण वाजेल. शिवाय तो थेट पीओपीवर ठेवलेला असणार. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा जे काम करतो तेच मग छत करतं. खाली रबराचे तुकडे द्या आणि हवा खेळू द्या. आतल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

ड्रायव्हर उघडून आत सिलिकॉन भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत 325 व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही वेळ कपॅसिटरमध्ये राहतो.

गणपतीच्या मखराला गेल्या वर्षी एक एलईडी रोल लावला होता, छान चालला. आता त्यालाच दुसरा जोडून पाहिला तर अ‍ॅडॉप्टर टिक-टिक करतो आणि प्रत्येक टिकला दिवे चमकून विझतात. अ‍ॅडॉप्टर गेला का? (एक वाचक, निपाणी)

गेलेला नसावा. तो स्वतःला वाचवतोय. भार झेपेनासा झाला की तो बंद पडतो, क्षणभराने पुन्हा सुरू होऊन पाहतो, पुन्हा बंद पडतो. टिक-टिक त्या प्रयत्नांची आहे.

हिशेब करून बघा. मीटरला 60 मोठे एलईडी असलेली पट्टी मीटरमागे 14.4 वॅट घेते, म्हणजे पाच मीटरच्या रोलला 72 वॅट. तुमच्या अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्ट 5 अँपिअर लिहिलंय, म्हणजे 60 वॅट. लांब पट्टीत व्होल्टेज पडत जातं आणि प्रत्यक्षात थोडी कमी वीज ओढली जाते, म्हणून एक रोल कसाबसा निभावला. गेल्या वर्षीही तो चांगलाच तापत असणार. दोन रोल म्हणजे 144 वॅट. कसं झेपेल?

तरी खात्री करून घ्या. दोन्ही रोल काढून अ‍ॅडॉप्टर रिकामा लावा. तेव्हाही टिकटिकला तर दोष त्याचाच. रिकामा गप्प राहिला, पण एकाच रोलवर टिकटिकला, तर तो रोल बघा. कात्रीने कापलेल्या टोकाला तांब्याचे दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले असतात, बऱ्याचदा तेवढंच असतं. दोन्ही रोल लागल्यावरच टिकटिकला तर 15 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणा आणि दोन्ही रोलना वेगवेगळ्या तारा द्या. एकाच्या शेपटीला दुसरा जोडला तर शेवटचे दिवे मिणमिणतात. आणि अ‍ॅडॉप्टर मखराखाली ठेवू नका. अकरा दिवस तिथे दूर्वा, हार, पाणी सगळं सांडतं.

आमच्या मागच्या खोलीतली ट्यूब रात्री फारच गुणगुणते. दिवसा तेवढी नाही. (एक वाचक, वडगाव)

दिवसा आसपासच्या मागांच्या खडखडाटात ऐकू येत नसेल, हे एक. दुसरं, रात्री माग थांबले की लाइनवरचा भार उतरतो, व्होल्टेज चढतं आणि तांब्याचा चोक, म्हणजे ट्यूबचा प्रवाह आवरणारं तारेचं वेटोळं, खरोखरच जास्त वाजतो. वीज सेकंदाला 50 फेरे घेते, पण चोकचा लोखंडी गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ओढला जातो. म्हणून ती गुणगुण 100 हर्ट्झची. चोकचे स्क्रू आवळा, खाली रबरी वायसर घाला. हात लावणार नाही इतका तापत असेल किंवा डांबरासारखा वास येत असेल तर काढून टाका. एलईडी ट्यूब घेणार असाल तर खोक्यावरचा जोडणीचा नकाशा वायरमनला दाखवा. काही ट्यूबना चोक काढावाच लागतो.

लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की सगळे दिवे, पंखे घूं करतात. (एक वाचक, संकेश्वर)

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज लाइनसारखी गुळगुळीत लहरीत न येता चौकोनी टप्प्यांत येते. दिव्यांत दोष नाही. पुढचा घ्याल तेव्हा प्युअर साइन वेव्ह घ्या.

पावसाळ्यात स्विचबोर्डातून अधूनमधून चर्र-चर्र आवाज येतो. एकदा मासळीसारखा वासही आला. एमसीबी पडत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही ना? (एक वाचक, खानापूर)

आहे, आणि या पाच पत्रांत फक्त इथेच आहे. वरचे चारही आवाज लय धरून होते. तुमचा तुटक आहे, म्हणजे आत ठिणगी पडतेय.

बोर्डातला एखादा स्क्रू ढिला झालाय. वीज मग तारेच्या पुऱ्या तोंडातून न जाता एखाद्या टोकातून जाते, तिथे तापते, तांबं काळं पडतं, त्यामुळे आणखी तापते. खानापूरच्या पावसात भिंत ओल धरते, बोर्डात मुंग्या घर करतात, पाल शिरते, त्याने भर पडते. मासळीचा वास तापलेल्या स्विचच्या प्लास्टिकचा.

एमसीबी जादा प्रवाहाला पडतो. इथे प्रवाह नेहमीइतकाच आहे, फक्त वाट खराब आहे. आरसीसीबी असला तरी तो गळती पकडतो, ही ठिणगी नाही. कागदाची नळी कानाला लावून आवाज शोधण्याची युक्ती ड्रायव्हरसाठी ठीक आहे. या बोर्डाजवळ कान नेऊ नका.

नुसतं बटण नको, मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत तसाच ठेवा. त्याने काळं पडलेलं तारेचं टोक कापून नव्याने सोलावं, स्विच बदलावा. नुसती टेप गुंडाळून जात असेल तर जाऊ देऊ नका. इतर बोर्डांचे स्क्रूही त्याच फेरीत आवळून घ्या.

एका खोलीऐवजी सगळ्या घरातले दिवे कमी-जास्त होत असतील तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, ढिला असण्याची शक्यता मोठी, आणि दोष मीटरच्या किंवा खांबाच्या बाजूला असू शकतो. ते काम तुमच्या वायरमनचं नाही. मेन बंद ठेवून हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, 1912 वर कळवा.