सुट्टीत भेट द्यायचं पुस्तक: वाचकांचे प्रश्न

सुट्टी जवळ आली की मुलांना पुस्तकं भेट देण्याविषयी पत्रं येऊ लागतात. ९ ते १७ या वयोगटाबद्दलचे काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

भाची अकरा वर्षांची आहे. वर्षातून एकदोनदाच भेट होते. ती खूप वाचते एवढंच मला माहीत. दुकानात ‘९ ते १२’ अशी पाटी असलेल्या कपाटासमोर गेले की काही सुचत नाही. — एक मावशी

ती पाटी कपाट लावण्याच्या सोयीसाठी असते. नऊ वर्षांचं मूल नुकतंच चित्रांच्या पुस्तकांतून बाहेर पडलेलं असतं आणि बारा वर्षांचं मूल थोरल्या भावंडाची पुस्तकं पळवत असतं. एकाच पाटीखाली हे दोघंही येतात, म्हणून वयापेक्षा तिच्या वाचनाचा माग काढा.

तिच्या आईला ‘तिला काय आवडतं?’ असं विचारू नका. ‘रहस्यकथा’ किंवा ‘सगळंच’ असं उत्तर येईल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. तीन गोष्टी विचारा. अलीकडे पूर्ण वाचलेली तीन पुस्तकं कोणती? पुन्हा पुन्हा वाचते असं एखादं आहे का? आणि अर्धवट टाकलेलं कोणतं? यातलं तिसरं उत्तर सगळ्यांत कामाचं. पहिल्याच प्रकरणात टाकलं असेल तर बहुतेक वेळा भाषा जड असते किंवा वर्णनं लांबलेली असतात. मध्यावर टाकलं असेल तर गोष्ट रेंगाळली असेल किंवा भीती वाटली असेल. भीती वाटल्याचं अकरा वर्षांचं मूल सहसा कबूल करत नाही, ‘बोअर झालं’ म्हणतं. जमलं तर तिच्या पुस्तकांच्या फळीचा फोटो मागवा. कण्यांवरची नावं वाचता आली म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा घेतलं जात नाही, आणि कोणत्या पुस्तकांचे कणे वाचून वाचून सुरकुतलेत हेही दिसतं.

दुकानात गेल्यावर पुस्तक पहिल्या पानावर उघडू नका. पहिल्या पानावर लेखकाने आणि संपादकाने सर्वांत जास्त मेहनत घेतलेली असते. साधारण एक तृतीयांश भागावर उघडा आणि सलग दोन पानं वाचा. अडचण मुलं स्वतः सोडवतायत की कुणी मोठं माणूस येऊन उपदेश करतंय, हे तिथे कळतं. उपदेश असेल तर पुस्तक खाली ठेवा, मुलांना त्याचा वास लगेच येतो. नायक-नायिकेचं वयही पाहा. मुलांना आपल्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या मुलांबद्दल वाचायला आवडतं. अकरा वर्षांच्या मुलीला नऊ वर्षांची नायिका दिली तर ते ‘लहान मुलांचं पुस्तक’ ठरतं, मग आतली गोष्ट कितीही सुंदर असो.

शब्दांचा अंदाज घ्यायला पाच बोटांची चाचणी चांगली. मूल एक भरलेलं पान वाचतं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटतं. दोन-तीन बोटं मिटली तर पुस्तक बेताचं आहे, पाचही मिटली तर अजून जड. भाची सोबत नसेल तर तिने पूर्ण वाचलेल्या एखाद्या पुस्तकाचं पान शेजारी उघडून तुलना करा. मात्र ही चाचणी फक्त शब्द मोजते, गोष्ट तिला रुचेल का हे सांगत नाही.

शक्य असेल तर दोन पुस्तकं द्या. एक तिच्या आवडीच्या अगदी जवळचं आणि दुसरं अर्धं पाऊल बाजूचं. रहस्यकथा आवडत असतील तर दुसरं गुप्तलिपी आणि सांकेतिक भाषांबद्दलचं असू शकतं. पहिलं ती लगेच वाचेल. दुसरं सहा महिन्यांनी उघडलं तरी चालेल.

पुतण्या चौदाचा आहे. किशोरांच्या कादंबऱ्यांत प्रेम, हिंसा, आत्महत्या असे विषय असतात असं ऐकलंय. अख्खं पुस्तक आधी वाचायला वेळ नाही. काय तपासू? — एक काका

किशोरांच्या कपाटात १३ ते १८ वर्षांची मुलं धरलेली असतात, आणि तेरा व सतरा यांत फार अंतर आहे. त्यामुळे तुमची काळजी योग्य आहे. पण विषय पाहून पुस्तक नाकारू नका, तो कसा हाताळलाय ते पाहा. चौदाव्या वर्षी मुलांना मृत्यू, अन्याय, प्रेम यांबद्दल प्रश्न पडलेलेच असतात, आणि त्यांवर विचार करायला चांगली कादंबरी ही मोकळी जागा असते.

वीस मिनिटं काढा. मलपृष्ठ आणि पहिलं प्रकरण वाचा. मग पाव, अर्ध्या आणि पाऊण भागावर दोन-दोन पानं वाचा आणि शेवटी अखेरचं प्रकरण. पाऊण भाग चुकवू नका, कारण कादंबरीतला सर्वांत कठीण प्रसंग बहुधा तिथेच असतो. काही प्रकाशक सुरुवातीच्या पानांवर संवेदनशील विषयांची सूचना छापतात, तीही शोधा. स्वतःला इजा करण्याची पद्धत तपशिलात दिली असेल, किंवा मरण सूड किंवा सुटका म्हणून रंगवलं असेल, तर ते पुस्तक भेट म्हणून नको. तोच विषय असूनही मुलाच्या सोबत कुणीतरी उभं आहे आणि मदत मागण्याचा रस्ता दिसतोय, तर गोष्ट वेगळी. घरात अलीकडे कुणी गेलं असेल, किंवा मुलगा स्वतः कठीण काळातून जात असेल, तर त्याच विषयाचं पुस्तक अचानक हातात देऊ नका. आधी दादा-वहिनींशी बोला.

भीतीपोटी लहान मुलांच्या कपाटातलं पुस्तक उचलू नका, चौदा वर्षांच्या मुलाला तो अपमान वाटतो. जुनी अभिजात कादंबरी द्यायची असेल तर शीर्षकपानावर ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’ किंवा ‘पुनर्कथन’ यांपैकी काही छापलंय का ते पाहा. मूळ चारशे पानांची कादंबरी ९६ पानांत बसवली असेल तर नुसता सांगाडा उरलेला असतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तो चालतो. पण चौदाव्या वर्षी तो वाचला की ‘ही गोष्ट मला माहितीये’ असं वाटून मूळ पुस्तक कायमचं राहून जातं. ऑनलाइन मागवताना नुसतं नाव शोधू नका. एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या असतात, म्हणून १३ आकडी आयएसबीएन (त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) आणि पानांची संख्या पडताळून मगच मागवा.

मुलगा बारा वर्षांचा आहे, वाचतच नाही. एक छान जाड कादंबरी दिली तर सुट्टीत सवय लागेल का? — एक आई

जाड कादंबरीने सवय लागत नाही, उलट पुस्तकाची धास्ती बसते. आधी एक गोष्ट तपासा: तो वाचत नाही, की त्याला वाचता येत नाही? त्याला अर्धं पान मोठ्याने वाचायला सांगा, तेही चारचौघांत नको. ओळ सुटते का, शब्दाचं पहिलं अक्षर पाहून पुढचं अंदाजाने म्हणतो का, दहा मिनिटांत डोळे चोळतो का? असं असेल तर आधी डोळे तपासून घ्या आणि शिक्षकांशी बोला. ही अडचण भेटीने सुटणारी नाही, आणि ‘आळशी आहे’ हा शिक्का त्याच्यावर अन्याय करतो. अशा मुलासाठी टाइप मोठा, ओळींत मोकळी जागा आणि कागद न चकाकणारा, किंचित पिवळसर असावा. त्याच पुस्तकाचं श्राव्य रूप मिळालं तर दोन्ही एकत्र द्या. कानाने ऐकत डोळ्यांनी ओळ धरली की दमणूक कमी होते.

वाचता येतंय पण मन लागत नाही, असं असेल तर १०० ते १५० पानांचं, चार-सहा पानांच्या प्रकरणांचं पुस्तक घ्या. प्रकरण लवकर संपलं की ‘अजून एक’ असं वाटतं. चित्रकादंबरीला कमी लेखू नका. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं, हे वाचणाऱ्यालाच जुळवावं लागतं, आणि ते खरंखुरं वाचन आहे. जपानी मांगा घेतलात तर एवढं सांगा की बहुतेक मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याला जे शेवटचं पान वाटतं तिथून गोष्ट सुरू होते, आणि चौकटीही उजवीकडून लागतात. हे न कळल्यामुळे मुलं दुसऱ्या पानावर गोंधळून पुस्तक ठेवून देतात.

गोष्टच हवी असं नाही. कागदी विमानं, पत्त्यांच्या जादू, कीटकांची ओळख अशा पुस्तकांबरोबर त्यातली वस्तू द्या: जाड कागदांचा गठ्ठा, पत्त्यांचा जोड, भिंग. हात कामाला लागले की पुढची कृती पाहायला डोळे पानावर येतात. आणि कृपा करून ‘वाचून सारांश लिही’ अशी अट घालू नका. पहिले दोन आठवडे तर ‘कुठवर आलं?’ हेसुद्धा विचारू नका.

नात तेरा वर्षांची. इंग्रजी कादंबऱ्या भराभर वाचते. मराठी छान बोलते, पण वाचताना जोडाक्षरांत अडखळते. मला तिला मराठी पुस्तकच द्यायचंय. — एक आजी

आजी, जरूर द्या. मात्र तिची समज तेरा वर्षांची आहे आणि मराठी वाचण्याचा वेग आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा, हे लक्षात ठेवून निवडा. चूक इथेच होते. वेग पाहून चिमणी-कावळ्याच्या गोष्टी आणल्या जातात आणि नातीला ओशाळल्यासारखं होतं.

तिने इंग्रजीत वाचलेल्या आणि आवडलेल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद हा सर्वांत सोपा दरवाजा. गोष्ट माहीत असल्याने अडलेला शब्द संदर्भाने सुटतो. दुसरा पर्याय कथासंग्रह, एक कथा सहा ते दहा पानांची. पान उघडून संवाद किती आहेत पाहा आणि ‘केले, गेले’ आहे की ‘केलं, गेलं’ हेही पाहा. ती घरात ‘केलं, गेलं’च ऐकते, त्यामुळे बोलीजवळच्या गद्यात तिचा कान डोळ्यांच्या मदतीला येतो. ‘तत्पश्चात’, ‘यत्किंचित’ पानोपानी असतील तर ते पुस्तक दोन वर्षांनी द्या. नेहमीच्या आकाराच्या पानावर पंचवीसपेक्षा जास्त ओळी दाटल्या असतील तर तेही नको.

अडखळणं नेमकं कुठे आहे तेही पाहा. बहुतेक मुलांना ‘र’ फसवतो. ‘पर्व’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत त्याची चार रूपं आहेत. इंग्रजीत ‘आर’ आपल्या जागी बसतो, इथे तो डोक्यावर चढतो, पायाशी जातो, बाजूला चिकटतो. हे चार शब्द एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा. खालीवर रचलेली ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘ह्म’ ही अक्षरंही त्यावर घाला. पहिली कथा तुम्ही वाचून दाखवा, पुस्तक दोघींच्या मध्ये धरून, बोट ओळीखाली फिरवत.

विज्ञानाचं मोठं सचित्र पुस्तक द्यायचंय. चित्रं तर सगळ्यांतच सुंदर दिसतात.

शीर्षकपानामागचं पान आधी वाचा. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे जुना मजकूर जसाच्या तसा पुन्हा छापलेला, ‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे मजकुरात बदल केलेले. त्यामुळे नव्या कोऱ्या दिसणाऱ्या पुस्तकातली माहिती वीस वर्षांची असू शकते. खगोलाच्या पुस्तकात नऊ ग्रह दिसले तर मजकूर ऑगस्ट २००६च्या आधीचा आहे, कारण तेव्हा प्लूटोला बटुग्रह ठरवलं गेलं. शनीचे चंद्र पाहा: मार्च २०२५मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून आकडा २७४ झाला. कमी आकडा असला म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही, पण ते केव्हाचं आहे हे कळतं. डायनासोरच्या पुस्तकात पिसं असलेला एकही डायनासोर नसेल तर मात्र दुसरं शोधा. शेवटी सूची आहे का पाहा, आणि तुम्हाला पक्की माहिती असलेली एखादी गोष्ट तिथून काढून वाचा. ती चुकली असेल तर बाकीच्यावर विसंबू नका.

मालिकेचा पूर्ण संच घ्यावा का?

पहिलं पुस्तक मुलाने वाचलंय आणि ते पुढचं मागतं, तरच. एरवी फक्त पहिला भाग घ्या. भागाचा क्रमांक मुखपृष्ठावर नसला तर आतल्या पानांवर मालिकेची यादी असते. आधीच्या काळात घडणारा भाग बरेचदा नंतर लिहिलेला असतो. तो आधी वाचला तर रहस्य फुटतं, म्हणून प्रकाशनाचा क्रम धरा.

पुठ्ठा बांधणी बरी की साधी?

पडून वाचणाऱ्या मुलांना साधी बांधणी, कारण जाड पुठ्ठ्याचं पुस्तक हातात जड होतं. पुठ्ठा म्हणजे मजबुती असंही नाही, आतली शिवण पाहा. कण्याच्या वरच्या टोकाला दुमडलेल्या पानांचे छोटे जुडगे दिसले आणि जुडग्याच्या मध्यावर दोरा दिसला तर पुस्तक शिवलेलं आहे. सपाट कापलेली पानं नुसती डिंकाने चिकटवली असतील तर मध्यावर हलकेच उघडताना करकर आवाज येतो, आणि तिथूनच पुढे पानं सुटतात.

गुंडाळण्याआधी सगळी पानं एकदा भरभर चाळा. पुस्तक फर्म्याफर्म्याने, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या एकेका जुडग्याने बांधतात आणि फर्मा बहुधा सोळा पानांचा असतो. त्यामुळे चूक झाली तर एक पान नाही, सोळाच्या सोळा गायब होतात, दोनदा येतात किंवा उलटी लागतात. ओळी तिरक्या, छपाई फिकट आणि मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतायत, तर ती चोरटी प्रत असण्याची शक्यता मोठी. ती घेऊ नका, लेखकाला त्यातलं काहीच मिळत नाही.

पहिल्या पानावर काय लिहावं?

लगेच काही लिहू नका. नाव घातलेलं पुस्तक दुकान बदलून देत नाही. मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि पावती आईबाबांकडे द्या. चिठ्ठीत ‘खूप वाच, मोठी हो’ लिहू नका. हे पुस्तक तिच्यासाठीच का निवडलं ते दोन ओळींत लिहा, उदाहरणार्थ: ‘तुला नकाशे काढायला आवडतात. यातल्या मुलीलाही आवडतात, पान ४२ बघ.’ पुस्तक ठेवायचं असं तिने ठरवलं की पुढच्या भेटीत पेन घेऊन बसा आणि तिच्यासमोर पहिल्या पानावर नाव आणि तारीख घाला.